शेवटाला हाय तसं

निपाणीच्या त्या बोळात बायका विड्या वळायला बसल्या की मोबाइलवर गाणी लागत नसत. तिथं पुस्तक चालायचं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा मारायचा. या कामात हात गुंततात, डोळे थोडे गुंततात, कान मात्र दिवसभर मोकळे. मोकळ्या कानात शेजारणीच्या घरच्या भानगडी ओतण्यापेक्षा पुस्तक बरं, असं म्हाताऱ्या जयाबाईंनी फार वर्षांपूर्वी ठरवलं आणि मोडायची कुणाची छाती झाली नाही. वाचणारीचे हात पुस्तकात अडकणार, म्हणून तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या. उठताना प्रत्येकीनं एक-एक जुडी तिच्या सुपात टाकायची. हा त्या कट्ट्यावरचा कायदा.

वाचणारी म्हणजे कांता. वय पंचेचाळीस, अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. चातुर्मासात बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, बायकांना पुराण वाचून दाखवायचं कामही तिच्याकडंच. पोथीतला काना-मात्रा इकडचा तिकडं झाला तर वाचणाऱ्याला दोष लागतो, असं वडिलांनी शिकवलेलं. त्यामुळं कट्ट्यावर पाककृतीचं पुस्तक वाचलं तरी ती चिमूटभर मिठाला चिमूटभरच म्हणायची. "छापणारा एकवेळ चुकंल, कांता चुकायची न्हाय," असं जयाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि कांताही ते खाली मान घालून, पण कान टवकारून ऐकत असे.

डिसेंबरात सौम्यानं एक पुस्तक आणलं. सौम्या म्हणजे कट्ट्यावरच्याच मंगलची मुलगी, एकोणीस वर्षांची. पोरीच्या घरात मराठी, दारात मराठी, भांडणसुद्धा मराठीत. पण कन्नड शाळेत घातलं की सरकारी नोकरी चालून येते असं तिच्या बापाला, आण्णाप्पाला, कुणीतरी भरवलेलं. दहावीपर्यंत सगळं शिक्षण कन्नडात झालं आणि नोकरी काही बोळात शिरली नाही. हिंदीच्या तासाला गिरवलेल्या अक्षरांवर तिला एसटीची पाटी वाचता यायची. दोनशे पानांचं मराठी पुस्तक तिच्या आवाक्याबाहेरचं होतं.

पुस्तक गुलाबी कव्हराचं, कॉलेजातल्या पोरापोरींच्या प्रेमाचं. कांताला ते दुसऱ्याच पानाला आवडेनासं झालं. पुण्यातली ईशा आणि पुण्यातलाच वेदांत. दोघं दिवसाकाठी चार वेळा कॉफी पितात आणि एकालाही पित्त होत नाही. ईशाची आई पान उलटावं तेव्हा स्वयंपाकघरात, पण तिची भाकरी एकदाही करपत नाही. परीक्षा येतात, जातात. अभ्यास कुणी करताना दिसत नाही, पास मात्र सगळे. "ह्येला लिवणाऱ्यानं कधी गिरणीत दळण तरी नेलंय का?" कांता मधेच थांबून विचारायची.

"तू वाच गं," जयाबाई दटावायच्या. "आमाला कुठं कॉफी मागायला जायचंय?"

बायकांना ते लई आवडलं होतं. वेदांतनं ईशाचा हात धरला त्या दिवशी कांताच्या सुपात ठरल्यापेक्षा चार जुड्या जास्त पडल्या. सौम्या मात्र हसायची नाही की लाजायची नाही. ती कांताच्या अगदी समोर बसायची आणि तिच्या ओठांकडं बघत राहायची.

एका दुपारी सूप परत द्यायच्या निमित्तानं ती कांताच्या घरी आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"कांताआक्का, शेवट कवा येणार?"

"चाळीस पानं र्‍हायलीत. का गं?"

मग पोरीनं सगळं सांगितलं. पुस्तक तिला सौरवनं दिलेलं. सौरव मराठ्यांचा, राहणार बेळगावजवळच्या मच्छ्याचा, तिथंच कारखान्यात कामाला. याच बोळात मावशीकडं राहून त्यानं इथं वर्षभर आयटीआय केलं होतं. दिवाळीत आण्णाप्पानं सौम्याचा मोबाइल काढून घेतला, स्थळं बघायला सुरुवात केली. सौरव मावशीकडं आला तेव्हा नळावर दोघांना अर्धं मिनिट मिळालं. तेवढ्यात त्यानं पुस्तक हातात कोंबलं आणि म्हणाला, "शेवटाला हाय तसंच मी करणार. वाच आणि तयारीत र्‍हा."

"मग वाचलं का न्हाईस तूच?"

"मला कुठं येतंय वाचाय? त्येला ठावं न्हाय. सांगायची लाज वाटली, आक्का. त्येला वाटतंय, मराठी बोलती म्हंजे वाचत बी असंल." ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. "तुमी वाचशिला तवाच मला कळंल."

ती गेली आणि कांतानं दार लोटून चाळीस पानं एका बैठकीत संपवली.

शेवट असा होता. ईशाचं लग्न परदेशातल्या मुलाशी ठरतं. वेदांत तिला निरोप धाडतो: नव्या वर्षाचा पहिला रविवार, सकाळी सहा, एसटी स्टँड. ती एक पिशवी घेऊन घरातून निघते. स्टँडवर तो दोन तिकिटं घेऊन उभा. दोघं नाशकाला जातात, लग्न करतात, भाड्याच्या खोलीत संसार मांडतात. वर्षानं मूल होतं आणि बाप चांदीचे वाळे घेऊन आपण होऊन दारात येतो. रडतो. सगळे हसतात. समाप्त.

कांतानं पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. तिच्या हातून छापील कागदाचं असं कधी झालं नव्हतं. बापाला वर्षात घर सापडलं म्हणे! वाळे घेऊन आला म्हणे!

तिची थोरली बहीण त्रिशला सव्वीस वर्षांपूर्वी अशीच एक पिशवी घेऊन निघाली होती. कापडदुकानातल्या एका पोरानं तिला मिरज स्टेशनात बोलावलं होतं. दीड दिवस ती फलाटावर बसली. पोरगं आलंच नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती परत आली तेव्हा वडील दाराला पाठ लावून आत बसले होते, आणि एकोणीस वर्षांची कांता त्यांच्या शेजारी. "कांते, कडी काढ," त्रिशला बाहेरून म्हणाली. तीनदा म्हणाली. वडिलांनी नुसतं बघितलं आणि कांताचा हात उचललाच नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. त्यानंतर त्रिशला कुणालाही, कुठंही दिसली नाही. कांतानं सगळा राग त्या कापडदुकानातल्या पोरावर काढला, कारण कडीचा राग काढायला दुसरं माणूस सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ती वाचायला बसली. निरोप वाचला, रविवार वाचला, सकाळी सहा वाचलं. ईशा रिक्षातून उतरली. इथवर पुस्तकातलं होतं. पुढं पुस्तक एक म्हणत होतं आणि कांताचं तोंड दुसरंच. डोळे ओळीवरून सरकत होते, पानं वेळच्या वेळी उलटत होती, आणि स्टँडवर कुणीच नव्हतं.

ईशा बसली. गाड्या आल्या, गेल्या. तिनं चौकशीच्या खिडकीवर तीनदा विचारलं, चौथ्यांदा खिडकीतला माणूस खेकसला. पिशवी सोडून संडासाला जाता येईना. एका माणसानं दोनदा येऊन कुठं जायचंय म्हणून विचारलं, तिसऱ्यांदा तो शेजारीच बसला. रात्र तिनं बायकांच्या खोलीत पिशवी पोटाशी धरून काढली. वेदांत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी परतली तर आतून कडी. कडी काढा, ती म्हणाली. कडी काढा. कडी काढा. आत सगळे होते. ती निघून गेली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही.

"संपलं," म्हणून कांतानं पुस्तक मिटलं.

कट्ट्यावरचे हात थांबले होते. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. जयाबाईंनी पदराला नाक पुसलं. "मी म्हटलं नुसतं गुलूगुलू हाय," त्या म्हणाल्या. "पर लिवणाऱ्याला काळीज हाय गं. बघून लिवलंय त्येनं." मंगलनं शेजारी बसलेल्या आपल्या लेकीकडं बघितलं आणि नंतर कांताकडं हात जोडल्यासारखं केलं. तिला सौरवचं नाव माहीत नव्हतं, पण पोरीचं कुठंतरी काहीतरी आहे एवढं आईला कळतंच. सौम्यानं विडीला दोरा इतका आवळला होता की पान फाटून तंबाखू मांडीवर सांडली.

बायका उठल्यावर ती कांताजवळ आली.

"म्हंजे त्यो यायचा न्हाय," ती म्हणाली.

"आँ?"

"शेवटाला हाय तसं करणार म्हटलाय न्हवं? म्हंजे यायचा न्हाय. तोंडानं सांगाय धीर झाला नसंल, म्हणून पुस्तक दिलं."

 कांताला वाट किती वाईट ते पोरीला दाखवायचं होतं, तिची पावलं अडखळावीत एवढंच. आपलं बोलणं त्या पोराच्या तोंडी जाऊन बसेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याच क्षणी खरं सांगता आलं असतं. पण काम तर होत होतं, आणि होणाऱ्या कामात कोण खोडा घालतो?

"पोरं तशीच असत्यात," कांता म्हणाली.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी ती पहाटे उठली आणि शाल गुंडाळून स्टँडवर गेली. कशाला, असं कुणी विचारलं असतं तर तिनं बेळगावची गाडी बघायला म्हणून सांगितलं असतं. खरं तर तिला रिकामा स्टँड बघायचा होता. तो रिकामा दिसला की सगळं बरोबर ठरत होतं: पुस्तक खोटं, ती खरी, पोरं तशीच.

सौरव आला होता. फुलवाल्याच्या टपरीआडून तिनं त्याला ओळखलं. धुक्यात तो बेळगावच्या फलाटाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि एकटा नव्हता. सोबत हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. नाकाच्या ठेवणीवरून आई कळत होती. तिच्या पिशवीतून नारळाची शेंडी वर आलेली, आणि खणाचा काठ. पोरगं पळवून न्यायला नव्हतं आलं. ते आईला घेऊन सून न्यायला आलं होतं.

सौम्याचं घर तिथून दहा मिनिटांवर. पळत गेलं तर सहा. कांता हलली नाही. सात वाजले. सौरवनं दोन चहा आणले. आईनं आपला कप बाकावर ठेवला आणि तो तसाच निवून गेला. साडेसात. आई उठून रस्त्यापर्यंत जाऊन आली. आता जाऊन सांगितलं तर बोळ काय म्हणेल, आण्णाप्पा काय करेल, आणि कांतानं खोटं वाचलं हे जयाबाईंना कळलं तर? हे सगळं तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठं एक होतं. हा पोरगा आला याचा तिला राग आला होता. एखादा येतो, आईला घेऊन येतो, दोन-दोन तास थांबतो, म्हणजे मग त्रिशला गेल्याचा दोष ठेवायला एकच दार उरलं होतं, आणि त्याची कडी कांताच्या हाताशी होती.

साडेआठला आईनं पोराच्या पाठीवर हात ठेवला. दोघं बेळगावच्या गाडीत चढली. कांता घरी आली आणि तिनं चूल पेटवली.

सौम्यानं पुढचंच स्थळ पसंत केलं. नाही म्हणायला तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं. मुलगा जिनेंद्र, चिकोडीच्या पलीकडं खताचं दुकान, शेती, दुमजली घर. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, चातुर्मासात सूर्य बुडाल्यावर पाणी पीत नाही, असं त्याच्या घरच्यांनी चारदा सांगितलं. मंगलनं लग्नात कांताला अक्षता हातात देऊन पुढं उभं केलं. "आक्का, तुमच्या वाचण्यानं माझी पोरगी ताळ्यावर आली," ती म्हणाली आणि कांतानं अक्षता टाकल्या.

श्रावणात नागपंचमीच्या सणासाठी सौम्या माहेरी आली. मूठभर झाली होती. कट्ट्यावर बसली, हात पूर्वीसारखेच चालत होते, पण ऐकताना ती मान वळवून उजवा कान पुढं करायची. डाव्या कानाखालची कातडी पिवळट-हिरवी पडलेली. "न्हाणीत घसरली," मंगलनं कुणी न विचारताच सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. न्हाणीत घसरून एकच कान जात नाही हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

दुपारी ती कांताकडं आली. "आक्का, ते गुलाबी पुस्तक हाय का अजून? शेवटाचं तेवढं वाचा."

"कशाला गं आता?"

"बरं वाटतंय." ती भिंतीला टेकून बसली. "तिथं मार बसला की मी ईशाचं मनात आणते. तिला तर कुणी कडी बी काढली न्हाय. मला न्हाय म्हटलं तरी घर हाय, दोन टायमाचं जेवण हाय. सौरवचा बी राग येत न्हाय. त्येनं आधी सांगितलं तरी. त्या जोरावरच परत जाणार हाय. न्हाय तर कशी गेले असते?"

कांताला बसवेना. स्वतःचं खोटं असं कुणाच्या ताटात रोजच्या भाकरीसारखं वाढलेलं बघायची पाळी येईल हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. तिनं कपाटावरून पुस्तक काढलं. शेवटची पानं उघडली. आणि या वेळी छापलं होतं ते वाचलं: स्टँड, वेदांत, दोन तिकिटं, नाशिक, वाळे, बाप.

सौम्या उजवा कान पुढं करून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग हसली. लग्नानंतर कांतानं तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

"मला बरं वाटावं म्हणून बदलून वाचू नगासा, आक्का. तुमाला जमत न्हाय त्ये. आवाज कसा थरथरतोय बघा."

"न्हाय गं. ह्येच खरं हाय. मागल्या बारीला मी बदललं हुतं."

"असू दे," सौम्या तिचा हात थोपटत म्हणाली, लहान पोराला समजवावं तशी. "तुमी पुराण वाचणारी. तुमी कशाला बदलशिला?"

आता कांताजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती तिनं सांगितली. "त्यो आलता."

सौम्यानं मान आणखी वळवली. "काय म्हटलासा? ऐकू आलं न्हाय."

कांताला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "सौरव आलता गं. त्या रविवारी. स्टँडवर. आईला घिऊन आलता. नारळ हुता, खण हुता."

 सौम्याचा हात कांताच्या हातावर होता, तो तिनं काढून घेतला.

"किती वाजंपतूर हुता?"

"साडेआठ."

"तुमी कवापास्नं हुतासा तिथं?"

"सहापास्नं."

"धा मिंटावर घर आमचं," सौम्या म्हणाली. 

कांता बोलू लागली. त्रिशला, मिरज, वडील, सगळं एकदम तोंडात आलं आणि एकही वाक्य धड होईना. "मला तुझं वाईट करायचं न्हवतं," ती म्हणाली. "तू परत जाऊ नगंस तिकडं. मी सांगते तुझ्या आईला, आण्णाप्पाला सांगते. र्‍हा हितंच. मी हाय."

सौम्या उठली. पदर नीट केला, डाव्या कानावरून घेतला.

"तिथं मारत्यात ते तोंडावर मारत्यात, आक्का," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती सासरी गेली. पंचमी अजून दोन दिवसांवर होती. मंगल विटक्या तोंडानं कट्ट्यावर आली, कांताच्या शेजारी बसली आणि पानं पुढं ओढत म्हणाली, "बघा की, सण सुदिक केला न्हाय. कुणाचं ऐकून घिईना. म्हटलं, तुमाला तरी बोलवावं. तुमचं तेवढं ऐकत्या ती."